चर्चमध्ये फेअर ट्रेड आणायचे असेल, तर आधी चहाचा डबा उघडा

उपासना संपल्यावर चर्चमध्ये चहा-कॉफी होते ना? मग सुरुवात तिथूनच करा. फेअर ट्रेड म्हणजे उत्पादकांना रास्त मोबदला मिळेल अशा अटींवर माल विकत घेणे. नाताळात स्टॉल लावून हस्तकलेच्या चार वस्तू विकणे सोपे असते, पण गरीब देशातल्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेला हवी असते ती महिन्यामागून महिना टिकणारी मागणी. एका मोठ्या ऑर्डरच्या भरवशावर कोणी कॉफीची नवी रोपे लावत नाही.

1. महिनाभर नोंद ठेवा. चहा, कॉफी, साखर, बिस्किटे किती लागतात, कोण आणते आणि खर्च किती होतो, एवढे पुरे.

2. चिन्ह ओळखायला शिका. ‘फेअर’ हा शब्द पाकिटावर कोणीही छापू शकतो. फेअरट्रेड इंटरनॅशनलचे निळे-हिरवे चिन्ह त्या मालाबद्दल हमी देते. जागतिक फेअर ट्रेड संघटनेचे चिन्ह मात्र माल बनवणाऱ्या संपूर्ण संस्थेच्या कारभाराबद्दल बोलते. चिन्हाशेजारी बाण दिसला, तर पाकीट उलटून मागचा मजकूर वाचा.

फेअरट्रेड इंटरनॅशनलच्या चिन्हामागचा हिशेब समजून घ्यायलाच हवा, कारण मंडळीतून पहिला प्रश्न त्यावरच येणार. कॉफीला किमान दर ठरलेला असतो. धुतलेल्या अरेबिका कॉफीसाठी ऑगस्ट 2023 पासून तो एक पाउंड वजनाला 1.80 डॉलर झाला. बाजारभाव त्याहून वर असेल तर बाजारभाव मिळतो, खाली घसरला तरी किमान दर सुटत नाही. त्यावर पाउंडामागे 20 सेंट प्रीमियम, म्हणजे जादा रक्कम, सहकारी संस्थेला जातो आणि तो कशावर खर्चायचा हे सभासद ठरवतात. पण एक गोष्ट लपवू नका: बऱ्याच संस्थांचा थोडाच माल या अटींवर खपतो, उरलेला नेहमीच्या बाजारात जातो. प्रमाणपत्राचा खर्च तर डोक्यावर असतोच. म्हणूनच नियमित गिऱ्हाईक हवे.

3. समितीपुढे विषय मांडा. ‘महाग पडते’ हा आक्षेप येणारच. पाकिटाची किंमत सांगू नका, कपामागे फरक किती पडतो ते काढून न्या. ‘ही नवी टूम कशाला?’ असे कोणी म्हटले, तर आठवण करून द्या, की 1946 मध्ये एडना रूथ बायलर या मेनोनाइट (एक ख्रिस्ती पंथ) बाईंनी प्वेर्तो रिकोतल्या बायकांचे भरतकाम ओळखीपाळखीत विकायला सुरुवात केली. 1988 मध्ये नेदरलँड्समध्ये आलेल्या ‘माक्स हावेलार’ या पहिल्या फेअर ट्रेड लेबलमागेही मेक्सिकोतील कॉफी उत्पादकांसोबत काम करणारे डच धर्मगुरू फ्रान्स व्हान डर होफ होते. मजुरांच्या अडवलेल्या मजुरीबद्दल याकोबाचे पत्र (5:4) काय म्हणते, ते पाळकांना वेगळे सांगायला नको.

4. ठराव लेखी करा. ब्रिटनमध्ये ‘फेअरट्रेड चर्च’ म्हणवून घेण्यासाठी ठरवलेल्या अटी साध्या आहेत: उपासनेनंतर आणि चर्चच्या सर्व बैठकांत फेअरट्रेड चहा-कॉफी, हळूहळू साखर-बिस्किटांसारख्या इतर वस्तू, आणि वर्षभर या विषयाचा प्रसार. तुमच्याकडे अशी योजना नसेल, तरी याच अटी ठरावात उतरवून घ्या.

5. आधी चव घ्या, मग खरेदी करा. दोन-तीन प्रकारची छोटी पाकिटे आणून मंडळीलाच निवडू द्या. पहिल्या रविवारी कडवट, पाणचट कॉफी पोटात गेली, की पुढची कितीही चांगली प्रवचने तो समज पुसू शकत नाहीत. स्टॉल लावणार असाल, तर न खपलेला माल परत घेणारा विक्रेता शोधा. नाहीतर कपाटात मुदत संपलेली चॉकलेटे साठतात.

6. सांगताना दयेचा सूर टाळा. उपाशी मुलांचे फोटो लावू नका. उत्पादक दान मागत नाहीत, माल विकत आहेत. कॉफी कुठल्या संस्थेची आहे, प्रीमियममधून तिथे काय उभे राहिले, हे पत्रकात दोन ओळींत लिहा. संडे स्कूलच्या मुलांना नकाशावर ती जागा शोधू द्या.

तीन महिन्यांनी पुन्हा नोंदवही काढा आणि खजिनदारांना विचारा, की जुन्या दुकानातून अजून काय येते आहे. बहुतेक वेळा ती साखर निघते.