नवराबायकोतला २५२ पौंडांचा हिशेब

ब्रिटनमध्ये येऊन घर, शाळा, जीपी (फॅमिली डॉक्टर), बँक एवढं मार्गी लागलं की बहुतेक घरांत चित्र सारखंच असतं. एकाचा पगार सुरू झालेला, दुसरा नोकरी शोधतोय किंवा लहान पोराला सांभाळत घरी आहे. अशा घरांनी मॅरेज अलाउन्स घ्यायलाच हवा, आणि नेमका तोच राहून जातो.

प्रकार सोपा आहे. इथे प्रत्येकाला वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. ज्याचं उत्पन्न त्याच्या आत आहे, त्याची ही सूट वायाच जाते. त्यातले १,२६० पौंड तो जोडीदाराच्या नावावर करू शकतो. जोडीदाराचा त्यावरचा २० टक्के कर वाचतो, म्हणजे वर्षाला २५२ पौंड, महिन्याला २१. फार मोठी रक्कम नाही, पण महिन्यातून एकदाची इंडियन स्टोअरची पिशवी त्यात निघते. आणि एकदा अर्ज केला की दरवर्षी पुन्हा करावा लागत नाही.

अर्ज न करण्याचं जे कारण मी सगळ्यात जास्त ऐकतो ते व्हिसाचं. ‘आमच्या व्हिसावर पब्लिक फंड्स (सरकारी मदत) घ्यायचे नाहीत असं लिहिलंय, उगाच आयएलआरला (कायम राहण्याच्या परवानगीला) नडायचं.’ ही भीती निराधार आहे. चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) पब्लिक फंड्सच्या यादीत आहे, त्याला हात लावण्याआधी व्हिसाच्या अटी नीट वाचाच. मॅरेज अलाउन्स त्या यादीत नाही. सरकार इथे तुम्हाला मदत देत नसतं, तुमच्याच पगारातून कापलेला कर कमी करत असतं.

आता कोणाला मिळतो ते. लग्न झालेलं हवं किंवा सिव्हिल पार्टनरशिप हवी, नुसतं एकत्र राहणं चालत नाही. लग्न भारतात झालेलं असलं तरी हरकत नाही. घेणाऱ्याने २० टक्क्यांच्या बेसिक रेटनेच कर भरायला हवा, म्हणजे उत्पन्न ५०,२७० पौंडांच्या आत. स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर ही मर्यादा बरीच खाली, ४३,६६२ वर आहे. एडिनबरा-ग्लासगोकडच्यांनी मित्राच्या लंडनमधल्या आकड्यावर विसंबू नये. पगार थोडासाच वर जात असेल तर पेन्शनमध्ये भरलेली रक्कम वजा करून हिशेब करा, कित्येकदा तेवढ्यानेच तुम्ही मर्यादेच्या आत येता. आणि घेणारा म्हणजे नवराच असं काही नाही. आपल्याकडच्या कितीतरी नर्स इथे आधी आल्या, नवरे मागून आले. तिथे नवऱ्याने अर्ज करायचा आणि कर बायकोचा कमी होतो.

आपल्या लोकांची खरी गोची होते ती भारतातल्या उत्पन्नात. तुम्ही इथले करनिवासी (करापुरते इथले रहिवासी) झालात की भारतातलं व्याज आणि भाडंही इथल्या हिशेबात येतं. एनआरई ठेवीचं (परदेशी राहणाऱ्यांच्या भारतातल्या खात्यातल्या ठेवीचं) व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे तसं नाही. समजा तुमचा पगार ४८,००० आहे आणि वाकडच्या फ्लॅटचं भाडं खर्च वजा जाता ३,००० पौंड येतं. झाले ५१,०००, म्हणजे मॅरेज अलाउन्स गेला. घरी असलेल्या जोडीदाराच्या नावावर सासऱ्यांनी केलेल्या ठेवींचंही तसंच, त्यांचं व्याज तिच्या उत्पन्नात धरा. शिवाय भारताचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि इथलं ५ एप्रिलला, त्यामुळे तिकडच्या रिटर्नमधला आकडा जसाच्या तसा उचलता येत नाही.

एप्रिल २०२५ पासून नव्याने आलेल्यांसाठी एक वेगळी सवलत सुरू झाली आहे. आधीची सलग दहा वर्षं तुम्ही इथले करनिवासी नसाल, तर पहिली चार वर्षं परदेशातल्या उत्पन्नावर इथला कर माफ करून घेता येतो. पण ज्या वर्षी ती सवलत मागाल त्या वर्षी १२,५७० ची सूटही जाते आणि मॅरेज अलाउन्सही. भारतात मोठं भाडं किंवा मोठ्या ठेवी नसतील तर मला ही सवलत तोट्याची वाटते. आकडे मोठे असतील तर सल्लागाराची फी द्या, ती वसूल होईल.

अर्ज कमी उत्पन्न असलेल्याने करायचा, इथेच बरेच जण उलटं करतात. गव्ह डॉट यूकेवर तो फुकट होतो. दोघांचेही नॅशनल इन्शुरन्स नंबर लागतात. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या जोडीदाराकडे तो नसेल आणि काम करायची परवानगी असेल, तर नोकरी शोधत असतानाच त्यासाठी अर्ज करता येतो. नोकरी लागेपर्यंत थांबायची गरज नाही. नव्याने आलेल्यांची गाडी ऑनलाइन ओळख पटवण्यापाशी अडते, कारण पी६० (वर्षभराचा पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) किंवा पगाराच्या स्लिपा अजून जमलेल्या नसतात. तेव्हा पोस्टाने पाठवायचा फॉर्म भरा. वेळ जास्त लागतो, पण काम होतं. आणि शोधताना ‘मॅरीड कपल्स अलाउन्स’ दिसला तर तो सोडून द्या. दोघांपैकी एकाचा जन्म ६ एप्रिल १९३५ च्या आधीचा असेल तरच तो लागू होतो.

जोडीदार अर्धवेळ काम करत असेल तर एकदा कागदावर मांडून बघा. ती वर्षाला १२,००० कमावते असं धरा. १,२६० दिल्यावर तिची सूट ११,३१० उरते, वरच्या ६९० वर तिला १३८ पौंड कर लागतो. त्याचे २५२ वाचतात. घरात ११४ आले, म्हणजे तरीही फायदाच. फक्त तिच्या स्लिपवर अचानक कर दिसला तर घाबरू नका.

आता पैसे कसे येतात. चालू वर्षाचे वेगळे येत नाहीत. टॅक्स कोड (पगारातून किती कर कापायचा ते सांगणारा स्लिपवरचा कोड) बदलतो आणि पगारातून कापणी कमी होते. नेहमीच्या १२५७एलच्या जागी घेणाऱ्याच्या कोडच्या शेवटी एम येतो, देणाऱ्याच्या एन. वर्षाच्या मध्ये अर्ज केलात तर आधीच्या महिन्यांचा फरक साधारणपणे पुढच्या पगारात एकदम मिळतो. पुढची स्लिप आली की आधी कोड बघा.

मागची चार करवर्षंही मागता येतात, अर्थात त्या त्या वर्षी तुम्ही इथे असाल, लग्न झालेलं असेल आणि अटींत बसत असाल तर. हे पैसे परताव्याने येतात आणि बहुतेकदा चेकने. लक्षात ठेवा, अर्ज ती करते पण चेक त्याच्या नावाने निघतो. ‘माझ्या नावावर काहीच आलं नाही’ म्हणून फोन लावायच्या आधी त्याची पोस्ट उघडून बघा. काही वेळा चेकऐवजी हिशेबाचं पत्र येतं, पी८००. त्यात ऑनलाइन मागणी करा असं लिहिलं असेल तर ती तुम्हीच करायची, नुसतं वाट बघून काही येणार नाही.

वाट बघताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली पत्ता. सुरुवातीच्या वर्षांत आपण घरं बदलत राहतो, बँकेला सांगतो, काउन्सिलला सांगतो आणि एचएमआरसीला, म्हणजे इथल्या कर खात्याला, विसरतो. चेक जुन्या घरमालकाच्या दारात पडून राहतो. दुसरी नाव. पासपोर्टवर स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पेरोलवाल्याने त्यातलं एक गाळलेलं असतं आणि बँकेने दुसरंच. चेकवरचं नाव खात्याशी जुळलं नाही की बँक तो परत करते. सगळीकडे एकच नाव आहे ना, ते अर्ज करण्याआधीच बघा.

कुठवर आलंय हे एचएमआरसीच्या ॲपमध्ये दिसतं, आणि उत्तर कधीपर्यंत यावं तेही त्यांच्या साइटवर पाहता येतं. ती तारीख उलटायच्या आधी फोन करून तासभर संगीत ऐकण्यात अर्थ नाही. याच काळात ‘तुमचा रिफंड तयार आहे, इथे क्लिक करा’ असे मेसेजही येतात. ते खोटे असतात. ६०५९९ वर पुढे पाठवा आणि पुसून टाका. सरकारी वाटाव्यात अशा साइट काढून अर्ज भरून देणाऱ्या कंपन्याही आहेत. त्या खोट्या नसतात, पण दहा मिनिटांच्या कामासाठी तुमच्या परताव्यातला चांगलाच लचका तोडतात.

परिस्थिती बदलली की मात्र तुम्हाला कळवावं लागतं. जोडीदाराला पूर्णवेळ नोकरी लागली किंवा तुमचा पगार मर्यादेच्या वर गेला, तर अलाउन्स ऑनलाइनच रद्द करता येतो. नाहीतर तो तसाच पुढे चालू राहतो आणि पुढच्या वर्षी तेच पैसे टॅक्स कोड कमी करून परत कापून घेतले जातात.