'मॉमी' बघितल्यावर लोकांची मतं कशी वाचायची आणि आपलं कसं लिहायचं

आधीच सांगते, 'मॉमी' हा सिनेमा लावल्यावर पहिली पाच मिनिटं मी सेटिंगमध्येच होते. स्क्रीनच्या मधोमध एक चौकोन, दोन्हीकडे काळं, मला वाटलं फाईलच गंडलीये, मग झूम करून बघितलं तर सगळ्यांची डोकी कापली गेली, शेवटी नवरा म्हणाला अगं ते असंच आहे, वाच जरा. तर पहिलं काम हे, झूम करू नका.

सिनेमा २०१४ चा, क्वेबेकचा म्हणजे कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतातला, दिग्दर्शक झाविए दोलान तेव्हा जेमतेम पंचविशीत. फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलला ज्युरी प्राइझ मिळालं ते नामवंत दिग्दर्शक गोदारबरोबर वाटून, एकीकडे ऐंशी ओलांडलेला म्हातारा आणि दुसरीकडे हा पोरगा. गोष्ट सांगायची तर एवढीशीच. डायान, जिला सगळे 'डाय' म्हणतात, नवरा गेलेला, तोंडाने फटकळ. तिचा मुलगा स्टीव्ह, त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी स्वस्थ बसवत नाही असा त्रास, कधी लाडात येऊन गळ्यात पडेल आणि कधी हात उगारेल सांगता येत नाही, आणि तो होता त्या संस्थेने त्याला काढलंय कारण त्याने कॅन्टीनला आग लावली त्यात एक मुलगा भाजला. समोर राहणारी कायला, शिक्षिका, सध्या रजेवर, बोलताना अडखळते. १३९ मिनिटं हे तिघंच.

आता मतं. बघायच्या आधी वाचू नका. बघून झाल्यावर वाचा आणि प्रत्येक मताला एकच प्रश्न विचारा, हा माणूस पूर्ण सिनेमाभर कुणाच्या शेजारी बसला होता? माणसांवरच चालणाऱ्या सिनेमात हे फार लवकर कळतं. 'असल्या कार्ट्याला दोन ठेवून दिल्या असत्या तर सुधारला असता' म्हणणारा आईच्या बाजूने बोलतोय असं वाटतं, पण खरं तर तो कुणाच्याच शेजारी नव्हता, दारात उभं राहून बघत होता. 'ही कसली आई, कपडे बघा, सिगरेट बघा' म्हणणारी बाई कायलाच्या खिडकीतून बघतेय, फक्त कायला रस्ता ओलांडून आत आली आणि ही आलीच नाही. आणि 'मला दोन दिवस झोप लागली नाही' लिहिणारे बहुतेक वेळा डायच्या शेजारचे असतात, त्यांच्या घरात असं कुणीतरी असतं किंवा होतं. ते मत हळू वाचा.

सगळ्यात जास्त तक्रार काय तर 'नुसता आरडाओरडा आणि शिव्या'. तक्रार खोटी नाही, माझंही डोकं दुखलं. पण सबटायटलमध्ये त्या शिव्या सरळ इंग्रजी शिव्या होऊन येतात आणि अर्धी मजा तिथेच जाते. क्वेबेकच्या शिव्या चर्चमधून आल्यात! ताबार्नाक म्हणजे पवित्र प्रसाद ठेवायची पेटी, कालिस म्हणजे तिथला पेला, ओस्ती म्हणजे तो प्रसादच. १९६० च्या दशकापर्यंत तिथे शाळा, दवाखाने, सगळ्यावर चर्चची पकड होती, म्हणून राग काढायचा तो तिथल्याच वस्तूंवर. आपल्याकडे राग आला की आईवर जातात, तिकडे चर्चवर, आणि सिनेमाचं नाव 'मॉमी', हे मला उगाच गंमतशीर वाटलं. तर 'भाषा घाणेरडी' असं लिहिण्याआधी कान देऊन ऐका, आई आणि मुलगा एकमेकांना शिव्या देतात तेव्हा भांडण चाललंय की लाड, हे बऱ्याचदा फक्त आवाजावरून कळतं.

दुसरी तक्रार, चौकोनी फ्रेम म्हणजे स्टाईल मारणं. हे मत द्यायचं तर द्या पण स्टीव्ह लाँगबोर्डवरून, म्हणजे लांब स्केटबोर्डवरून, जात असताना दोन्ही हातांनी फ्रेमच्या कडा ढकलून उघडतो तो सीन बघून मग द्या. ओएसिस बँडचं 'वंडरवॉल' गाणं चालू असतं, अख्खा स्क्रीन भरतो, आणि मी सोफ्यावर सरळ होऊन बसले, तोपर्यंत आपण आखडून बसलोय हेच कळलं नव्हतं. मग घरी एक नोटीस येते आणि कडा परत आत सरकतात. ज्याला हे भावनिक ब्लॅकमेल वाटतं त्याच्याशी मी भांडणार नाही, थोडं आहेच ते. गाण्यांचंही तेच, 'नव्वदची घिसीपिटी गाणी' म्हणतात लोक, पण त्यातली बरीचशी गाणी वारलेल्या बापाने बनवलेल्या मिक्स सीडीवरची आहेत, म्हणजे किचनमध्ये तिघं सेलीन दियोनच्या गाण्यावर नाचतात तेव्हा बाप पण तिथेच असतो. हे माहीत नसलेलं मत आणि माहीत असलेलं मत यात फरक पडतो.

आता आपलं लिहायचं. 'अभिनय अप्रतिम' लिहू नका, आन दोरवाल, सुझान क्लेमाँ, पिलों तिघंही भारी आहेत हे सगळ्यांनीच लिहिलंय. एक सीन घ्या आणि त्यालाच धरून बसा. मी हा घेतला, स्टीव्ह कायलाची चेष्टा करत करत तिच्या गळ्यातली चेन ओढून घेतो आणि ही वाक्य पूर्ण न करू शकणारी बाई त्याला जमिनीवर दाबून धरते, चेहरा त्याच्या चेहऱ्याला टेकेल इतका जवळ, आणि घाबरून त्याची पँट ओली होते. तिचं काय झालंय हे सिनेमा नीट सांगत नाही. पण त्या चेनसाठी ती जीव घेईल एवढं कळतं. एवढं लिहिलं तरी वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही बघितलाय, आणि शेवटही फुटत नाही.

एक चूक टाळा, सुरुवातीला जो एस-१४ कायदा दाखवलाय, त्रासदायक मुलाला कोर्टाची भानगड न करता हॉस्पिटलच्या ताब्यात देता येतं असा, तो सिनेमापुरता रचलेला आहे. 'कॅनडात बघा कसे कायदे आहेत' असं लिहून मोकळे होऊ नका, मी मैत्रिणीला असंच सांगून बसले होते, नंतर तोंड लपवायची वेळ आली. आणि तुमच्या घरात एडीएचडीचं मूल असेल आणि हे चित्रण भडक वाटलं तर ते जरूर लिहा, हा आक्षेप मला फ्रेमवाल्या आक्षेपापेक्षा खूप जड वाटतो, स्टीव्ह म्हणजे सगळी मुलं नव्हेत.

बघितल्या बघितल्या लिहू नका, एक रात्र जाऊ द्या. आणि शेजारी कोण बसून बघत होतं ते पण आठवा. आमच्या ह्यांचं मत एवढंच होतं की आवाज कमी कर, पण शेवटच्या वीस मिनिटांत रिमोट त्यांच्याच हातात होता आणि आवाज होता तेवढाच राहिला, ते मी माझ्या मतात जसंच्या तसं टाकलं.