टॅबचं पेन चार्ज होईना? आधी वाट तपासा, मग पेन

टॅबवर चालणारं पेन आता कोल्हापुरात चित्रकलेच्या विद्यार्थ्याच्या सॅकमध्ये असतं, क्लासच्या सरांच्या खिशात असतं आणि गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, साजाचं नवं डिझाईन काढणाऱ्याच्या टेबलावरही असतं. ते एक दिवस चार्ज होत नाही आणि माणूस थेट नवं घ्यायला निघतो. तेवढी घाई करू नका. न चार्ज होणाऱ्या पेनात बिघाड बऱ्याचदा पेनाच्या बाहेरच सापडतो: केबल, अडॅप्टर, कव्हर, पोर्टातला कचरा. म्हणून बाहेरून आत या.

सुरुवातीला हे पेन मुळात चार्ज कसं होतं ते नक्की करा. निम्मा गोंधळ इथंच असतो. ॲपल पेन्सिलचे चार प्रकार आहेत आणि चौघांची तऱ्हा वेगळी. २०१५ ची पहिली पेन्सिल टोपणाखालच्या लाइटनिंग पिनेवर चार्ज होते. २०१८ ची दुसरी आयपॅडच्या कडेला चुंबकाने चिकटून. २०२३ ची यूएसबी-सी पेन्सिल कडेला चिकटते, पण तिथं चार्ज होत नाही. तिचं मागचं टोक सरकवून आत केबल लावावी लागते. रात्रभर आयपॅडला चिकटवून ठेवली आणि सकाळी मेलेली निघाली, ही तक्रार बहुधा याच पेन्सिलची असते. २०२४ ची पेन्सिल प्रो पुन्हा चुंबकावर, पण ठरावीक नव्या आयपॅडवरच. आणि एम४ चिपच्या आयपॅड प्रोवर जुनी दुसरी पेन्सिल चार्ज होत नाही. टॅब बदलला आणि पेन जुनंच ठेवलं असेल तर आधी ही जोडी जुळते का ते बघा.

सॅमसंगच्या एस पेनचं आणखी वेगळं. ते चार्ज नसलं तरी लिहितं, कारण लिहिण्यापुरती ऊर्जा त्याला स्क्रीनमधूनच मिळते. चार्जिंग लागतं ते बटणाच्या आणि हवेतल्या इशाऱ्यांसाठी. टॅब एस६ लाइटच्या पेनात तर बॅटरीच नाही, त्यामुळे ते ‘चार्ज होईना’ हा प्रश्नच उरत नाही. टॅब एस७ आणि एस८ ला पेन मागच्या पट्टीवर, टोक कॅमेऱ्याकडे करून ठेवायचं. कडेला ते नुसतं चिकटतं.

बाजारात स्वस्त मिळणाऱ्या बहुतेक पेनांना यूएसबी-सी पोर्ट असतो आणि चुंबक फक्त धरून ठेवण्यापुरता असतो. या लेखाचा मोठा भाग त्यांच्यासाठीच आहे, कारण तीच जास्त अडतात.

केबल आणि अडॅप्टर

नव्या मोबाईलच्या अडॅप्टरला दोन्हीकडे सी असलेली केबल येते. ती स्वस्त पेनला लावली की काहीच होत नाही, दिवासुद्धा लागत नाही. पेन मेलं असं वाटतं, पण ते ठणठणीत असतं. कारण असं: सी पोर्टचा अडॅप्टर समोर खरंच उपकरण आहे याची खूण पटल्याशिवाय वीज सोडत नाही, आणि ती खूण म्हणजे उपकरणाच्या पोर्टजवळचे ५.१ किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर. पैसे वाचवायला बनवणारे तेच गाळतात. उपाय सोपा आहे. एका टोकाला जुना चपटा, म्हणजे ए प्रकारचा यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला सी अशी केबल घ्या आणि ५ व्होल्ट १ अँपिअरच्या साध्या, जुन्या अडॅप्टरला लावा. त्यातून ५ व्होल्ट कायम येत असतात, कुणाला खूण विचारली जात नाही. केबल लावून दिवा लागला नाही तर सी टोक उलटं करून परत लावा. पोर्टाची एक बाजू झिजली असेल तर पेन दुसऱ्या बाजूने चार्ज होतं.

लाईट गेली की पॉवर बँक काढली जाते आणि तिथंही पेन फसतं. पेनाची बॅटरी इवलीशी, ती ओढते फार थोडा करंट. बऱ्याच पॉवर बँका साधारण ५० ते १०० मिलिअँपिअरच्या खाली ओढ गेली की काही लावलेलंच नाही असं समजून बंद पडतात. दोन मिनिटं दिवा लागून विझला तर हेच झालंय. काही पॉवर बँकांत बटण दोनदा दाबून कमी करंटचा मोड चालू होतो. नसेल तर त्याच पॉवर बँकेवर सोबत मोबाईलही लावा.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा यूएसबी मीटर आणा. अडॅप्टर आणि केबल यांच्या मधे बसणारी ही चिमुकली वस्तू व्होल्ट आणि अँपिअर दाखवते आणि काही शे रुपयांत मिळते. पेन लावल्यावर ५ व्होल्टच्या आसपास आकडा आणि ०.०५ ते ०.२० अँपिअर दिसले तर पेन चार्ज होतंय, दिवा लागो वा न लागो. व्होल्ट ठीक पण अँपिअर शून्य असतील तर केबल बदलून बघा. तरी शून्यच राहिले तर दोष पोर्टात किंवा आत. आकडा लागतो, जातो, परत लागतो, असं झालं तर केबल हलवून बघा. सैल पोर्ट लगेच कळतो.

पोर्टातली घाण आणि पावसाळा

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात सॅक आतून कधी पुरती वाळत नाही. पोर्टात बॅगेतला लोकरीसारखा भुगा जातो, त्यावर ओल बसते, आणि त्या ओलीतून वीज गेली की पितळेच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक पिनांवर चढतो. मोबाईलचा टॉर्च लावून पोर्टात बघा. मधली पातळ जीभ स्वच्छ, तिच्यावरच्या पट्ट्या सोनेरी दिसायला हव्यात. तळाशी राखाडी गादी दिसली तर केबल पूर्ण आत बसतच नव्हती.

पेन बंद करा, पोर्ट खाली करून धरा आणि लाकडी टूथपिकच्या टोकाने कडेकडेने भुगा ओढून काढा. मधल्या जिभेला धक्का लावू नका, ती वाकली की पोर्ट गेला. सुई, टाचणी, सेफ्टी पिन अजिबात नको. हिरवटपणा असेल तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशला किंचित लावून घासा आणि किमान अर्धा तास वाळू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्याने प्लास्टिक विरघळतं.

पेन खरंच भिजलं असेल तर चार्जिंगला लावायची घाई हीच त्याला मारते. तांदळाच्या डब्यात घालू नका, त्याची भुकटीच पोर्टात जाते. हेअर ड्रायरही नको. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून पेन त्यात पूर्ण एक दिवस ठेवा. उलट उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तापलेलं पेनही चार्ज घेत नाही, आणि घेऊही नये. आधी निवू द्या.

चुंबकावर चार्ज होणारी पेनं

इथं साफसफाईपेक्षा जागा महत्त्वाची. टॅबचं कव्हर काढा. कव्हरच्या कडेची पातळ पट्टीसुद्धा मधे आली तरी पेन चिकटतं, पण चार्जिंग पोचत नाही. पेन आणि टॅबची कड कोरड्या मऊ कापडाने पुसा, पेन चार्जिंगच्या जागी नीट मधोमध बसवा. ब्लूटूथ चालू आहे ना ते बघा. बंद असेल तर बॅटरीचा आकडा दिसत नाही आणि चार्ज होत नाही असा समज होतो. तरी जमलं नाही तर ब्लूटूथच्या यादीतून पेन काढून टाका, टॅब रिस्टार्ट करा आणि पुन्हा चिकटवा.

सुट्टीभर पडून राहिलेलं पेन

परीक्षा संपते, पेन ड्रॉवरमध्ये जातं आणि जूनमध्ये निघतं तेव्हा ते पुरतं रिकामं असतं. लिथियम सेल ३ व्होल्टच्या बराच खाली उतरला की चार्जिंगचं सर्किट त्याला एकदम करंट देत नाही, थेंबथेंब देतं. त्या काळात दिवाही लागत नाही आणि टॅबलाही पेन दिसत नाही. पाच मिनिटांत केबल काढू नका. किमान अर्धा तास, शक्यतो दोन तास तसंच राहू द्या. ॲपलच्या पहिल्या पेन्सिलला हे करताना ती आयपॅडच्या बुडाला खोचून ठेवू नका, धक्का लागून पिन मोडते. सोबतचा छोटा अडॅप्टर लावून केबलवर चार्ज करा. यापुढे वापर नसला तरी महिन्यातून एकदा निम्म्यापर्यंत चार्ज करत जा.

दोन तासांनीही मीटरवर शून्यच असेल तर सेल किंवा सर्किट गेलं. वॉरंटी असेल तर बिल घेऊन जा, पेन उघडू नका. ॲपल पेन्सिल घरी उघडून दुरुस्त होण्यासारखी नाही. स्वस्त पेनाचा सेल सोल्डरिंग येणारा मोबाईल दुरुस्तीवाला बदलू शकतो. नवा सेल व्यास, लांबी आणि व्होल्ट तिन्ही जुळणारा हवा, त्यावर संरक्षक सर्किट हवं. जुना सेल मल्टिमीटरवर २.५ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर बाहेरून झटका देऊन उठवायला सांगू नका, अशा सेलला आग लागू शकते. पेनाचा मधला भाग फुगलेला दिसला किंवा टोपण आपोआप वर उचललं गेलं तर चार्जिंग त्याच क्षणी बंद करा, आणि तो सेल घंटागाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.