‘असेल’ला इंग्रजीत काय म्हणाल? शक्यता सांगताना या चुका टाळा

‘कॅन’ म्हणजे शकणे, ‘मस्ट’ म्हणजे पाहिजेच, ‘मे’ म्हणजे परवानगी. तीन ओळींत शिकून झालेला हा धडा, आणि त्याची फळं मी कित्येक वर्षं लाल शाईनं खोडतोय. चूक करणारी माणसं हुशार असतात. फक्त एका मराठी शब्दाला एक इंग्रजी शब्द अशी जोडी लावून त्यांना मोकळं व्हायचं असतं.

‘तो घरी असेलही’, ‘असेल’, ‘असावा’, ‘असणार’, ‘असलाच पाहिजे’. यांतला फरक आपल्याला कुणी शिकवला नव्हता, कानाला कळतो. बोलणाऱ्याला किती खात्री आहे ते आपण क्रियापदाच्या शेपटातच सांगून टाकतो. त्यातही एकटा ‘असेल’ इतका लवचीक की नुसत्या सुरावर त्याचा अर्थ बदलतो. इंग्रजीत प्रत्येक छटेसाठी वेगळा शब्द उचलावा लागतो, आणि घोळ तिथेच होतो.

‘शकलो’ म्हणजे ‘कुड’ नव्हे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून सविस्तर सांगतो. मी एका कंपनीत बाहेर जाणारी इंग्रजी पत्रं तपासायचो. एका मुलानं मंगळवारी ग्राहकाला परस्पर मेल टाकली: ‘वी कुड फिक्स द प्रॉब्लेम ऑन मंडे.’ त्याला म्हणायचं होतं, सोमवारी आम्ही बिघाड दुरुस्त करू शकलो. म्हणजे काम झालं होतं, पोरं रात्रभर जागली होती. ग्राहकानं वाचलं, येत्या सोमवारी आम्ही ते करू शकू, जमलं तर. अजून सहा दिवस? तिकडून संतापलेलं उत्तर आलं. त्यावर या पठ्ठ्यानं ठामपणे लिहिलं, ‘सर, वी कुड डू इट!’ झालं. आता तर तो ‘मनात आणलं तर करू शकतो’ असं सुनावतोय, असाच अर्थ निघाला. दुपारी फोनवर पाच मिनिटांत उलगडा झाला, पण तोवर वरची तीन माणसं कामाला लागली होती.

एकदाच घडलेली, पार पडलेली गोष्ट होकारार्थी ‘कुड’नं सांगता येत नाही. ‘वॉज एबल टु’ किंवा ‘मॅनेज्ड टु’ म्हणा. मी तेही म्हणत नाही. सरळ ‘वी फिक्स्ड इट’ लिहितो. काम झालंय तर झालं म्हणायला लाज कसली? नकारात मात्र ‘कुडंट’ चालतं: ‘वी कुडंट फिक्स इट’ म्हणजे जमलं नाही. पूर्वी अंगात असलेल्या कौशल्यालाही चालतं: ‘शी कुड स्विम ॲट फाइव्ह’, पाचव्या वर्षी तिला पोहता येत होतं. आणि ‘आय कुड हिअर देम’, मला त्यांचा आवाज ऐकू येत होता, हेही अगदी बरोबर. नियम पाठ करत बसू नका. आपल्या वाक्यातल्या ‘शकलो’च्या जागी ‘केलं’ बसतंय का ते बघा. बसत असेल तर ‘कुड’ खोडा.

‘इट कॅन रेन टुडे’

आज पाऊस पडू शकतो, म्हणून ‘कॅन’. नाही. आजच्या, या एका प्रसंगाच्या शक्यतेला ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’. ‘कॅन’ हा स्वभावाला: ‘डेझर्ट नाइट्स कॅन बी कोल्ड’, म्हणजे वाळवंटातल्या रात्री कधीकधी थंड असतात. आज रात्री गारठा पडेल की नाही, याबद्दल ते वाक्य काहीच बोलत नाही.

‘मस्ट’चा नकार

‘ही मस्ट बी ॲट होम’ म्हणजे घरात दिवा लागलाय, चपला दारात आहेत, तेव्हा तो घरीच असणार. आता चपला नाहीत, दिवाही नाही. मग नवशिके बिनदिक्कत लिहितात, ‘ही मसंट बी ॲट होम’. याचा अर्थ ऐकणाऱ्याला लागतो तो असा की त्याला घरी राहायची मनाई आहे! ‘ही कान्ट बी ॲट होम’ हवं. अमेरिकी बोलण्यात सुटं ‘मस्ट नॉट बी’ अनुमानासाठी सर्रास ऐकू येतं, तेव्हा तिथल्या माणसाला सुधारायला जाऊ नका. स्वतः लिहिताना मात्र मी ‘कान्ट’च वापरतो, कारण त्यात गैरसमजाला जागा नाही.

इथेच आणखी एक खड्डा आहे. होकारात ‘माइट’ आणि ‘कुड’ जवळजवळ सारखेच: ‘इट माइट बी ट्रू’, ‘इट कुड बी ट्रू’, खरंही असेल. नकार लावला की दोघं दोन टोकांना जातात. ‘इट माइट नॉट बी ट्रू’ म्हणजे कदाचित खरं नसेल. ‘इट कुडंट बी ट्रू’ म्हणजे खरं असणं शक्यच नाही. सभेत कुणाच्या आकड्यांवर शंका घेताना यातला दुसरा वापरलात तर समोरच्याला खोटारडा म्हटल्यासारखं होतं. ‘मे नॉट’ लेखी सूचनांत मी टाळतोच. ‘यू मे नॉट एंटर’ म्हणजे मनाई, आणि ‘ही मे नॉट एंटर’ म्हणजे मनाई की अंदाज, हे लिहिणारालाच ठाऊक.

उद्याच्या भाकितालाही ‘मस्ट’ लावू नका. ‘इट मस्ट रेन टुमारो’ म्हणजे पावसाला हुकूम सोडल्यासारखं. पडणारच असं म्हणायचं असेल तर ‘इट इज बाउंड टु रेन’.

टक्क्यांचा तक्ता

‘सर, मे म्हणजे पन्नास टक्के आणि माइट म्हणजे तीस ना?’ असले तक्ते ज्यानं पहिल्यांदा छापले त्याला मला भेटायचंय. ‘माइट’ किंचित नरम वाटतो, एवढंच. रोजच्या बोलण्यात दोन्ही अदलाबदलीनं चालतात. साध्या शब्दांना आकडे चिकटवणं तज्ज्ञांनाही जमलेलं नाही. १९५१ साली अमेरिकी गुप्तचर विश्लेषकांनी युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘सिरियस पॉसिबिलिटी’ आहे असं लिहिलं. त्यांच्यातल्या शर्मन केंट यांच्या मनात त्याचा अर्थ हल्ल्याच्या बाजूनं ६५ विरुद्ध ३५ असा होता. नंतर सहकाऱ्यांना विचारलं, तर एकाच्या मनात २० विरुद्ध ८०, दुसऱ्याच्या ८० विरुद्ध २०! अहवाल सगळ्यांनी मिळून मंजूर केला होता. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीला, म्हणजे आयपीसीसीला, आकडे हवेच होते, तर तिनं शब्द ठरवून घेतले: ‘लाइकली’ म्हणजे ६६ ते १०० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ९० ते १००. त्या मोजपट्टीत ‘मे’ आणि ‘माइट’ घेतलेच नाहीत. मीही खात्री नेमकी सांगायची असली की मोडल, म्हणजे ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’सारखी सहायक क्रियापदं, सोडून ‘प्रॉबेबली’ लिहितो.

झालेल्या गोष्टीचा अंदाज

बसचा अपघात झाला, प्रवाशाचा पत्ता नाही: ‘ही मे हॅव डाइड’. तोच प्रवासी शेजारी बसून चहा पितोय: ‘ही माइट हॅव डाइड’ किंवा ‘कुड हॅव’, म्हणजे मेला असता, वाचला. इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही इथे ‘मे हॅव’ म्हणून जातात, पण मी तरी माझ्या समोर चहा पिणाऱ्याला ‘मे हॅव’ लावणार नाही.

‘मस्ट’चं अनुमान भूतकाळात नेताना ‘मस्ट हॅव’: ‘शी मस्ट हॅव लेफ्ट’, ती निघाली असणार. ‘शी हॅड टु लीव्ह’ म्हणजे तिला निघावं लागलं. आणि ‘मस्ट हॅव टु लीव्ह’ म्हणजे ‘तिला निघावं लागत असणार’. हे तिसरं वाक्य दर आठवड्याला चुकीच्या जागी भेटतं.

बाकीच्या

‘ही वुड बी स्लीपिंग नाउ’: झोपला असेल याचं हे आपल्याकडचं लाडकं भाषांतर. ऐकणारा पुढच्या ‘इफ’ची वाट बघत राहतो. ‘विल बी’ म्हणा. बेल वाजल्यावर ‘दॅट विल बी द पोस्टमन’ म्हणतात तोच हा ‘विल’, आत्ताच्या अंदाजाचा.

‘शुड’चं अनुमान अपेक्षित, शक्यतो बऱ्या गोष्टीसाठी. ‘इट शुड बी रेडी बाय फोर’ ठीक. ‘शी शुड फेल’ म्हणालात तर तुम्हाला तिनं नापास व्हावं असंच वाटतं.

‘मे ही बी ॲट होम?’ असं विचारत नाहीत. ‘डू यू थिंक ही इज ॲट होम?’

‘मेबी’ जोडून लिहिला की कदाचित, ‘मे बी’ तोडून लिहिला की असेल. ‘ही मेबी लेट’ दिसलं की मी वाचायचं थांबवतो.

मोडलनंतर ना ‘टु’, ना ‘एस’. ‘ही मे कम्स’ लिहिणाऱ्यानं वरचं काहीच वाचू नये, आधी हे करावं.

आणि ‘कुड ऑफ’. बोलताना ‘कुड हॅव’चं ‘कुडव्ह’ होतं, कानाला ते ‘ऑफ’सारखं लागतं, म्हणून तसंच लिहायचं? ही चूक निदान आपण सुरू केलेली नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांचीच ती, आणि जी मुलं वाचण्यापेक्षा ऐकून जास्त शिकतात ती हुबेहूब उचलतात.