म्हाताऱ्या कुत्र्याकडून उठाबशा कशा काढून घ्याव्यात

खुब्याच्या संधिवाताचे निदान झाले आहे आणि पशुवैद्यकाने व्यायामाला परवानगी दिली आहे, असे गृहीत धरतो. गुळगुळीत फरशीवर न सरकणारी रबरी चटई अंथरावी, पंजाच्या गाद्यांमधले वाढलेले केस कापावेत, खुब्याला १० मिनिटे कोमट शेक द्यावा (सांधा सुजून गरम झाला असेल तर मुळीच नाही) आणि कुत्र्याला थोडे चालवून आणावे.

आता उठाबशा. दिवसभर मालिश करून आणि पाय हाताने दुमडून-सरळ करून मांडी भरेल, असे सांगणाऱ्यांचे ऐकू नये. त्याने सांधा मोकळा राहतो, पण स्नायू वाढतो तो कुत्र्याने स्वतःचे वजन स्वतः उचलल्यावरच. अडचण अशी, की कुत्रा इथे सराईतपणे अंगचोरी करतो. बसताना दुखरा पाय बाहेर फेकून तो एका कुल्ल्यावर रेलतो आणि उठताना पुढचे पंजे एक पाऊल पुढे टाकून सगळे अंग खांद्यांच्या जोरावर ओढून घेतो. अशा पन्नास उठाबशांनीही मागचे पाय होते तसेच राहतात. मलाही याच टप्प्याने फार छळले.

म्हणून दुखरी बाजू भिंतीला लागून ठेवावी, म्हणजे पाय बाहेर जायला जागाच उरत नाही. पूर्ण खाली बसणे जड जात असेल, तर पाटावर जाड गोधडीची घट्ट घडी ठेवून तिच्यावर बसवावे. मागचे पंजे मात्र जमिनीवरच हवेत. उठवताना खाऊ नाकाला जवळजवळ टेकवून किंचित पुढे आणि वर न्यावा. हात लांब गेला की पुढचे पंजे हललेच म्हणून समजा. वाकडी बैठक मोजू नये. कंबर दाबून खाली बसवणे तर सक्त वर्ज्य.

सुरुवातीला दिवसातून दोनदा ५ उठाबशा पुरतात. दुसऱ्या दिवशी लंगडणे वाढले नसेल, तरच एखादी वाढवावी. मांडी थरथरू लागली, कुत्रा ओठ चाटू लागला किंवा मान वळवून कमरेकडे पाहू लागला, की तिथेच थांबावे. दुखते म्हणून घरातली आयबुप्रोफेनची गोळी देऊ नये. तिने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

चालताना पंजा उलटा पडून नखांचे वरचे टोक घासले जाऊ लागले, तर दुखणे केवळ सांध्याचे नसून मज्जातंतूंचे असू शकते. व्यायाम बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.