व्हाइट रिमची दरवर्षीची सायकल सहल: आठ जण, चार दिवस, दोन गाड्या

युटामधल्या मोआब गावाजवळ कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातल्या ‘आयलंड इन द स्काय’ या उंच पठाराला खालच्या टप्प्यावरून वळसा घालणारा सुमारे १६० किलोमीटरचा कच्चा रस्ता म्हणजे व्हाइट रिम. १९५० च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांसाठी तो काढला गेला, १९६४ साली उद्यान झालं आणि आता तो माउंटन बाइकवाल्यांचा रस्ता म्हणून ओळखला जातो. सॉल्ट लेक सिटीहून मोआब चार तासांवर, डेन्व्हरहून सहा तासांच्या आत. त्यामुळे अमेरिकेत विखुरलेल्या मित्रांना दरवर्षी एकत्र यायला ही जागा सोयीची पडते.

रस्ता फार अवघड नाही. नियमित सायकल चालवणाऱ्याला रोजचे ३० ते ४५ किलोमीटर झेपतात. अडचण वेगळीच आहे: एकदा शेफर घाट (पठारावरून व्हाइट रिमवर उतरणारी वळणांची वाट) उतरलात की पुढे नळ नाही, दुकान नाही आणि बहुतेक ठिकाणी फोनलाही रेंज नाही. म्हणून इथे सायकलपेक्षा पाण्यावर आणि सोबत सामान वाहणाऱ्या गाडीवर जास्त लिहिलं आहे. ज्या सहली मध्येच गुंडाळाव्या लागतात, त्यातल्या बहुतेक याच दोन कारणांनी.

तारीख आणि परवाना

मार्चअखेर ते मेचा पहिला पंधरवडा, किंवा मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर. जून ते ऑगस्टमध्ये पारा ३८ अंशांच्या वर जातो आणि सावली अशी नाहीच. जुलै ते सप्टेंबर दुपारच्या वादळी पावसाचा काळ. तेव्हा कोरडे ओढे मिनिटांत भरतात आणि उघड्या खडकावर विजेचं भय असतं. वसंतात दिवस छान असतात, पण वारा सुटतो आणि मार्चमध्ये रात्री पाणी गोठतं. दरवर्षीसाठी एकच तारीख धरायची असेल तर ऑक्टोबरचा पहिला आठवडा धरा. मे-जूनमध्ये आणखी एक भानगड असते. डोंगरावरचं बर्फ वितळून ग्रीन नदी फुगते आणि पोटॅटो बॉटम ते हार्डस्क्रॅबल या नदीकाठच्या मुक्कामांच्या पट्ट्यात रस्त्यावर पाणी किंवा चिखल येतो. नेमकं शेवटच्या दिवशी अडकायला होतं.

मुक्कामाचा परवाना ‘रिक्रिएशन डॉट गव्ह’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतो. आरक्षण हंगामाच्या साधारण चार महिने आधी खुलं होतं, म्हणजे वसंतासाठी नोव्हेंबरात आणि शरदासाठी मे महिन्यात. संपूर्ण रस्त्यावर दहा ठिकाणी मिळून वीसच मुक्कामाच्या जागा आहेत. व्हाइट क्रॅक आणि कँडलस्टिक इथे तर एकेकच. आरक्षण खुलं होतं त्या सकाळी दोघांनी वेगवेगळ्या खात्यांवरून बसायचं, आणि तीन रात्रींची साखळी आधीच कागदावर उतरवून ठेवायची: पहिली पसंती, दुसरी, तिसरी. पडद्यासमोर बसून चर्चा सुरू झाली की जागा गेलीच. ज्याच्या नावावर परवाना आहे तो सहलीला हजर लागतो, म्हणून ‘येईन की नाही, बघू’ म्हणणाऱ्याच्या नावावर तो कधीच काढू नका. एका गटात जास्तीत जास्त १५ माणसं आणि ३ गाड्या चालतात. आठ जण हा आकडा सर्वात सुटसुटीत: दोन गाड्या, एक चूल, आणि पाण्याचा हिशेबही आवाक्यात.

चार दिवसांची आखणी

घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जा. पहिल्या दिवशी शेफर घाटाने सुमारे ४५० मीटर उतरून ‘एअरपोर्ट’ नावाच्या जागी मुक्काम, साधारण ३० किलोमीटर. वाटेत मसलमन कमान लागते. तिच्यावर चालायला मनाई आहे. दुसरा दिवस एअरपोर्ट ते मर्फी हॉगबॅक, ४२ किलोमीटरच्या आसपास. हा सगळ्यात लांबचा, आणि चढही मुक्कामाच्या अगदी तोंडाशी, त्यामुळे सातला निघायचं. व्हाइट क्रॅकचा फाटा जाऊन-येऊन साडेचार किलोमीटर आहे. तो सोडू नका, पण दुपारी दोन वाजून गेले असतील तर सोडा. तिसरा दिवस मर्फी ते पोटॅटो बॉटम, ३५ किलोमीटर, सुरुवातीला दणदणीत उतार. चौथ्या दिवशी हार्डस्क्रॅबलची चढण, नदीकाठची वाळू आणि शेवटी मिनरल बॉटमचा घाट. सोबतच्या दोन गाड्यांखेरीज एक मोकळी गाडी सहल निघण्याच्या आदल्या दिवशीच या घाटाच्या माथ्यावर लावून ठेवा. नाहीतर शेफरपाशी ठेवलेल्या गाड्या आणायला दमलेल्या माणसांना आणखी तीसएक किलोमीटर पायडल मारावं लागतं.

पाणी

उद्यानाची शिफारस माणशी रोज किमान एक गॅलनची, म्हणजे पावणेचार लिटरची आहे. सायकल चालवणाऱ्याला ती पुरत नाही. पिण्याचं पाच लिटर, स्वयंपाक, भांडी आणि हात धुणं मिळून दोन, असे माणशी रोज सात लिटर धरा. आठ माणसं, चार दिवस: २२४ लिटर. एका रात्रीचा अडकाव गृहीत धरून आणखी ५० लिटर. म्हणजे २० लिटरचे १४ कॅन, सगळे मोआबमध्येच भरून घ्यायचे.

एकच मोठी टाकी घेऊ नका. खडबडीत रस्त्यावर ती एका ठिकाणी घासून फुटली की सगळंच गेलं. निम्मे कॅन एका गाडीत, निम्मे दुसरीत. प्रत्येक कॅनच्या झाकणातली रबरी चकती घरीच तपासा: भरलेला कॅन रात्रभर आडवा ठेवा, सकाळी खाली ओल दिसली तर चकती बदला. कॅन गाडीच्या तळाशी, मागच्या चाकांच्या पुढे, पट्ट्याने आवळून. कॅनच्या मध्ये जुनी सतरंजी किंवा फोमचे तुकडे कोंबा, कारण प्लास्टिकवर प्लास्टिक घासूनच भोकं पडतात. रोज रात्री उरलेलं पाणी मोजायचं काम एकाच माणसाकडे द्या. दुसऱ्या रात्री निम्म्याहून कमी उरलं असेल तर भांडी धुणं बंद, ती पुसून घ्यायची.

पोटॅटो बॉटमला ग्रीन नदी जवळ असते, पण तिचं पाणी चहासारखं गढूळ. थेट गाळणीत ओतलं तर गाळणी दोन-तीन लिटरमध्ये तुंबते. बादलीत भरून तुरटी फिरवा, तासभर तरी निवळू द्या, वरचं पाणी अलगद काढून मग गाळा आणि उकळा. ही आणीबाणीची सोय आहे. हिच्या भरवशावर कॅन कमी करू नका.

सायकलवर दर तासाला पाऊण लिटर, उन्हात एक लिटर. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं सुरू होतं. उन्हाच्या त्रासाची लक्षणंही अशीच असल्याने त्या माणसाला आणखी पाणी पाजलं जातं आणि तब्येत अधिक बिघडते. एका लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि लिंबू, एवढं सरबत प्रत्येकाच्या एका बाटलीत असलंच पाहिजे.

गाडी आणि गाडी चालवणारा

चारही चाकांवर चालणारी, पोट उंच असलेली आणि लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर) असलेली गाडी लागते. विमानतळावर भाड्याने मिळणाऱ्या साध्या एसयूव्ही चालत नाहीत, आणि त्यांच्या करारात कच्च्या रस्त्याला बहुधा मनाई असते. मोआबमध्ये अशा रस्त्यासाठीच्या जीप भाड्याने मिळतात. गाडी आत बंद पडली तर ओढून आणायला हजार डॉलरच्या वर सहज जातात.

वजनाचा हिशेब घरी करा. २८० किलो पाणी, माणशी १५ किलोप्रमाणे १२० किलो सामान, चूल-भांडी-शिधा-बर्फ ९० किलो, शिवाय दमलेली माणसं. एका पिकअपला हे जास्त होतं, मर्फीच्या चढावर मागची स्प्रिंग बसते आणि पोट खडकाला लागतं. म्हणून गाड्या दोन.

दोन्हींत पूर्ण मापाची स्टेपनी, टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर, पंक्चरच्या वाती, ओढायचा पट्टा, फावडं आणि जॅकखाली ठेवायला फूटभर चौकोनी जाड फळी. फळी विसरली तर जॅक वाळूत रुततो आणि गाडी जागची हलत नाही. उतारावर लो रेंजमध्ये पहिला-दुसरा गिअर टाकून इंजिनवर उतरा. ब्रेक दाबून धरला तर शेफरच्या निम्म्यावरच जळका वास येतो.

कोणी चालवायचं यावरून दरवर्षी कुरबुर होते. उपाय सोपा: सकाळ आणि दुपार अशा पाळ्या, निघण्यापूर्वीच लिहून ठेवायच्या. चार दिवसांत दोन गाड्यांच्या सोळा पाळ्या, म्हणजे प्रत्येकाला दोन. पहिल्यांदाच असा रस्ता बघणाऱ्याला शेफर, मर्फी आणि हार्डस्क्रॅबल इथली पाळी देऊ नका. एक गाडी सगळ्यात मागे, शेवटच्या सायकलस्वाराच्याही मागे राहते. ती कधीच पुढे जात नाही.

सायकल

२९ इंची चाकं, २.४ इंची टायर, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले). नवं सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) प्रत्येक टायरमध्ये १०० ते १२० मिलिलिटर, निघण्याच्या आठवड्यात. कोरड्या हवेत ते लवकर सुकतं, आणि टायर हलवून आवाज येत नसेल तर आत रबराची साय तेवढी उरली आहे असं समजा. व्हॉल्व्हचा गाभाही त्याच वेळी बदला. तुंबलेल्या गाभ्यामुळे पंपाने हवा जात नाही आणि लोक पंपाला दोष देतात. ७५ किलोच्या माणसाला पुढे २० आणि मागे २३ पीएसआय (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) ठीक. लांब वाळूच्या पट्ट्यापूर्वी दोन-तीन पीएसआय कमी करा, खडकाळ भागात परत भरा, नाहीतर रिमला खाच पडते.

आपल्या शेतांच्या बांधावरचा सराटा तिकडेही रस्त्याकडेला आणि पार्किंगच्या कडेला वाढतो. गावात सायकल उचलून न्या, मातीतून ढकलू नका. काटा दिसला तर उपटू नका, आधी चाक फिरवून सीलंट त्या बाजूला आणा, मग काढा.

चेनला मेणाचं किंवा कोरडं वंगण. जाड ओलं तेल घातलं तर बारीक वाळू त्यात बसते आणि चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) दोन्ही खरवडून काढते. रोज संध्याकाळी कोरड्या फडक्याने चेन पुसा, वंगण थेंबाथेंबाने कडीगणिक, रात्रभर मुरू द्या. ब्रेक पॅडवरचा थर १ मिलिमीटरच्या खाली असेल तर घरीच बदला आणि वीसेक वेळा जोरात ब्रेक मारून ते बसवून घ्या. शेफरच्या उतारावर कोरे पॅड पहिल्यांदा वापरणं धोक्याचं.

गटाच्या पेटीत: प्रत्येक सायकलचा स्वतःचा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा डिरेलर चौकटीला धरून ठेवणारा तुकडा; एकाचा दुसऱ्याला बसत नाही), ११ आणि १२ गिअरच्या चेनचे क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायच्या कड्या), ब्रेक पॅडचे दोन-दोन जोड, चार ट्यूब, ट्यूबलेसच्या वाती, शॉक पंप (सस्पेन्शनमध्ये हवा भरायचा), क्लीटचे (बुटाखालच्या पकडीचे) स्क्रू, झिप टाय, जाड टेप. सर्वात जास्त लागतो तो हँगर, आणि तो बहुतेक वेळा चालवताना नव्हे तर गाडीत सायकली एकमेकींवर टाकल्याने वाकतो. गिअर आपोआप उड्या मारायला लागला की तिथेच थांबून बघा. तसंच रेटलं तर डिरेलर आऱ्यांत जातो.

वाळूत शिरण्याआधी एक गिअर हलका, वजन थोडं मागे, हँडल सैल धरून पायडल एकसारखं. पुढचं चाक वळवलं किंवा पुढचा ब्रेक लावला की पडणं ठरलेलं. वाळू चुकवायला रस्त्याबाहेर मात्र जायचं नाही. तिथली काळपट, खवल्यासारखी दिसणारी जमीन सूक्ष्म जीवांनी बांधलेली असते. तीच वाळू धरून ठेवते, आणि एका चाकोरीने मोडलेली कित्येक वर्षं भरून येत नाही. हा नियम मोडणाऱ्याला पुढच्या वर्षी बोलावू नये, इतका तो महत्त्वाचा आहे.

मुक्काम आणि जेवण

मुक्कामी संडास आहेत, मध्ये कुठे नाहीत. प्रत्येकाजवळ बंद होणारी पिशवी हवी. लाकडाची शेकोटी चालत नाही, गॅसची शेगडी न्या. जमीन कडक असते, खुंट्या शिरत नाहीत, म्हणून तंबूच्या दोऱ्या पाण्याच्या कॅनना बांधा. डोमकावळे पिशव्यांच्या चेन चोचीने उघडतात. खाण्याचं सगळं झाकणाच्या कडक डब्यात, अगदी सकाळी दहा मिनिटं सायकलपाशी ठेवलेलं सुद्धा.

या उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. पाच लिटरचा कुकर न्याच. मुगाच्या खिचडीला माणशी ७० ग्रॅम तांदूळ, ४० ग्रॅम डाळ, गॅस निम्मा लागतो. सकाळी पोहे माणशी ९० ग्रॅम. दुपारी चूल पेटवूच नका: घरून आणलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी, गुळाची ढेप. ताज्या भाज्या आणि दही पहिल्या दोन दिवसांत संपवा, पिठलं-भात शेवटच्या रात्रीसाठी राखा, कारण त्याला बर्फाची गरज नाही.

एक उपग्रह संदेशयंत्र मागच्या गाडीत, एक पुढच्या सायकलस्वाराकडे. घरच्या एका माणसाला मुक्कामांची यादी द्या आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर उद्यानाला कळवायचं, ते ठरवून द्या.

परतल्यावर

सायकलवर जोराच्या फवाऱ्याचं पाणी मारू नका, धूळ बेअरिंगमध्ये शिरते. आधी कोरडा ब्रश, मग ओलं फडकं. गाडी खालून धुवा. खर्चाचा हिशेब आठवड्याच्या आत मिटवा आणि त्याच निरोपात पुढच्या वर्षीची तारीख व परवाना काढणाऱ्या दोघांची नावं टाका. कॅन धुऊन झाकणं काढून उलटे वाळवा, चकत्या वेगळ्या पिशवीत, पिशवी पहिल्या कॅनच्या मुठीला बांधून.