८ किलोवॉटवरून ४ वर: घराला पेलेल असा लाकडाचा स्टोव्ह

यॉर्कशायरमधल्या या जुन्या घरात आधीच्या मालकांनी बैठकीच्या खोलीत ८ किलोवॉटचा स्टोव्ह बसवला होता. थोड्याच वेळात उकाड्याने जीव नकोसा व्हायचा. आच कमी करायला स्टोव्हची हवेची झडप मिटली की लाकूड धुमसायचं, काच काळवंडायची आणि धुराड्यात डांबर साचायचं. हे डांबर पुढे पेट घेऊ शकतं, म्हणून मला तेच सगळ्यात गंभीर वाटलं.

खोली मोजली: ५ × ४ × २.४ मीटर, म्हणजे ४८ घनमीटर. भिंती-खिडक्यांतून बेताची उष्णता जाणाऱ्या घरात याला १४ ने भागतात. उत्तर आलं ३.४. जाणकाराकडून ४ किलोवॉटचा बसवून घेतला. आता लाकूड मोकळ्या ज्वाळेनं जळतं. ओल मात्र २० टक्क्यांच्या आत हवी, ती मी मीटरने तपासते. इंग्लंडमध्ये अशा जुन्या घरात ५ किलोवॉटच्या वरच्या स्टोव्हसाठी बाहेरची हवा आत येणारी कायम उघडी जाळीही लागते.